शहराची नदी आणि खालच्या गावाचे पाणी

(जिल्हा मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयपत्रिकेवर कापसाच्या भावाच्या खाली ‘शहरातील नदीपट्ट्याचे नियोजन’ असा विषय पाहून पुष्कळांनी विचारले, हा विषय आपल्या मेळाव्यात कशाला? नदी शहरातली, घाट शहराचे, बगीचे शहराचे. कोरडवाहू कापूस-ज्वारीवाल्याचा त्यात काय संबंध? प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर असे, की नदी महापालिकेच्या हद्दीच्या दगडापाशी थांबत नाही. शहर नदीत जे सोडते, नदीला जशी भिंत घालते, नदीतले पाणी ज्याला देऊन टाकते, त्या सगळ्याचा हिशेब खालच्या गावाच्या शिवारात होतो. हिशेब आपल्या शिवारात आणि निर्णय दुसऱ्याच्या कचेरीत, असे आजवर चालले. ते पुढे चालू द्यायचे की नाही, एवढाच आजचा विषय आहे.

मोर्णा आणि खारपाण

लांब जायला नको. अकोल्याची मोर्णाच घ्या. पातूरकडच्या डोंगराळ मुलखातून ती येते, जुने शहर एका काठाला आणि नवे शहर दुसऱ्या काठाला ठेवून, असदगडाच्या किल्ल्याला वळसा घालून उत्तरेला जाते आणि पूर्णेला मिळते. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्याची पोरे अठरा किलोमीटरवरच्या गांधीग्रामला जातात, पूर्णेचे पाणी कावडीत भरतात, खांद्यावर वाहून आणतात आणि राजराजेश्वराला घालतात. पूर्णेला शहरात एवढा मान आहे. आणि वर्षाचे बाराही महिने मोर्णेच्या वाटेने शहराची मोरी त्याच पूर्णेकडे जाते. मान देणारे आणि मोरी सोडणारे लोक वेगळे नाहीत. फरक एवढाच, की कावड लोक स्वतः वाहतात आणि मोरीचे काय होते ते कोणी पाहायला जात नाही.

ते पाणी जाते कुठे? खारपाणपट्ट्यात. अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही अंगांना सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा हा पट्टा आहे, आणि त्यात ८९४ गावे मोजली जातात. जमीन काळी, खोल, कसदार. पण खाली विहीर खणली तर पाणी खारे. ते प्यायला चालत नाही आणि ओलिताला वापरले तर जमीन चोपण होते. भिजली की चिखलाचा गोळा आणि वाळली की दगड. म्हणून तिथला शेतकरी विहीर असून कोरडवाहू राहिला. ज्या गावाला जमिनीखालचे गोडे पाणीच नाही, त्या गावाला नदीतले पाणी म्हणजे सगळेच आले. त्या नदीत वरून काय येते हा त्याच्यासाठी बगीच्याचा प्रश्न नव्हे.

झाडझूड आणि नियोजन

२०१८ च्या जानेवारीत अकोल्याने मोर्णेच्या स्वच्छतेची मोठी मोहीम काढली. १३ जानेवारीला सहा हजारांच्या वर माणसे नदीत उतरली. जिल्हाधिकारी उतरले, शाळा-कॉलेजांची पोरे उतरली, शंभरावर संस्था आल्या. चार किलोमीटरचा काठ साफ झाला. त्याच महिन्यात पंतप्रधानांनी आकाशवाणीवरच्या भाषणात या कामाचा उल्लेख केला. ज्यांनी त्या थंडीत जलकुंभी उपसली त्यांच्या घामाचा आम्ही मानच करतो. लोक नदीसाठी एकत्र येतात हे त्या दिवशी सिद्ध झाले.

पण पुढच्या वर्षांत जलकुंभी पुन्हा आली. का आली? जलकुंभीचे खाद्य म्हणजे सांडपाण्यातले नत्र आणि स्फुरद. आपण पऱ्हाटीला पैसे मोजून जी खते घालतो तीच. शहर ती फुकट नदीत सोडते आणि जलकुंभी पंधरवड्यात दुप्पट होते. वावरातले हरळीचे नुसते पान कापून हरळी जात नाही, काशा काढाव्या लागतात, हे इथे बसलेल्या कोणाला शिकवायला नको. जलकुंभी हे पान आहे. काशी आहे ती मोरी. झाडझूड एका दिवसात होते. मोरीचे पाणी कुठे न्यायचे, कसे शुद्ध करायचे, कोणाला द्यायचे, त्याचा खर्च कोणी सोसायचा, हे ठरवायला सगळ्यांना एका ठिकाणी बसावे लागते. नियोजन म्हणतात ते याला.

मोरीतल्या पाण्याचा हिशेब

आता थोडा आकड्यांचा हिशेब करू. २०११ च्या जनगणनेत अकोला शहराची लोकसंख्या सव्वाचार लाख होती. भुयारी गटार असलेल्या शहराला सरकारी मापाने माणशी रोज १३५ लिटर पाणी द्यायचे असते, आणि दिलेल्या पाण्यापैकी ऐंशी टक्के सांडपाणी होऊन परत येते असे धरतात. म्हणजे कागदावरच्या मापाने रोज सुमारे साडेचार कोटी लिटर. प्रत्यक्षात पुरवठा मापाइतका होत नाही, म्हणून निम्मे धरा. वाटेत काही मुरेल, काही उडून जाईल, म्हणून त्याचेही निम्मे करा. तरी रोज सव्वा कोटीच्या आसपास, अगदी हात राखून १ कोटी १५ लाख लिटर उरते.

एका एकराला पाच सेंटिमीटरचे एक ओलीत द्यायला साधारण दोन लाख लिटर लागतात. म्हणजे रोज ५७ एकर. ऑक्टोबरच्या मध्यापासून जानेवारीच्या शेवटापर्यंत शंभर दिवस धरले तर पावणेसहा हजार एकरांना एक संरक्षित ओलीत. कपाशी बोंडावर असताना किंवा हरभरा घाट्यावर असताना एक पाणी मिळाले आणि न मिळाले यातला फरक आपल्यापैकी प्रत्येकाला माहीत आहे. आणि हे पाणी पावसाची वाट पाहत नाही. दुष्काळ पडला तरी शहर पाणी पिणारच, आणि शहर पाणी प्यायले की मोरी वाहणारच.

म्हणजे ज्याला आपण घाण म्हणून नाक दाबतो ती एक नैसर्गिक संपत्ती आहे. पण दोन अटींवर. पहिली अट, ते शुद्ध झाले पाहिजे. कच्च्या सांडपाण्यावर पालेभाजी पिकवली तर खाणाऱ्याच्या पोटात जंत आणि त्याच पाण्यात दिवसभर उभ्या राहणाऱ्या मजूर बाईच्या पायाला खाज. दुसरी अट जास्त महत्त्वाची, कारण ती शहरातल्या तज्ज्ञाला सहसा सुचत नाही. शुद्धीकरण केंद्रात पाण्यातली घाण आणि वास जातो, विरघळलेला क्षार जात नाही. मीठ, साबण, सोडा यांतले सोडियम तसेच खाली येते. दुसरीकडच्या मुरमाड जमिनीला ते चालूनही जाईल. आपल्या चिकण काळ्या जमिनीला, जिथे निचरा नाही, तिथे तेच पाणी दहा वर्षे दिले तर वावर चोपण करून ठेवील. अकोल्याला पिण्याचे पाणी काटेपूर्णा धरणाचे, म्हणजे मुळात गोडे. तेव्हा त्याचे सांडपाणी खारपाणातल्या विहिरीपेक्षा बरे असण्याचा संभव आहे. पण संभवावर वावर पणाला लावता येत नाही. दर महिन्याला क्षार आणि सोडियमची तपासणी झाली पाहिजे, आणि आकडा गावच्या चावडीवर लागला पाहिजे. कृषी विद्यापीठ अकोल्यातच आहे, १९६९ पासून. तेव्हा हे काम करायला परदेशातून माणूस आणायची गरज नाही.

भिंत कोणासाठी?

नदीचा दुसरा हिशेब पुराचा. आपल्या राज्यात पूररेषा दोन असतात. पंचवीस वर्षांतून एकदा येईल अशा पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येईल अशा पुराची लाल रेषा. निळ्या रेषेच्या आतली जागा नदीची. शहर वाढते तेव्हा पहिला भराव तिथेच पडतो. मग घरांत पाणी शिरते, मग दोन्ही काठांना भिंत घाला अशी मागणी होते. भिंत घातली की पूर पसरत नाही, अरुंद होऊन वेगाने पुढे जातो. शहराच्या चार वाड्या वाचतात आणि भिंत संपते तिथल्या गावाचे काठचे वावर खरवडून जाते. म्हणून भिंतीच्या नकाशावर खालच्या गावाची सही हवी.

आणि काठावरच्या झोपड्यांत कोण राहते, तेही विसरू नका. शेतीत भागले नाही म्हणून गाव सोडून गेलेले आपलेच भाऊबंद तिथे आहेत. नदीपट्टा सुंदर करायचा ठरला की पहिली उचलबांगडी त्यांची होते. नियोजनाच्या बैठकीत खालच्या गावाला खुर्ची मागताना आम्ही त्यांनाही खुर्ची मागतो.

पाण्यावर नजर कोणाची?

कोणी म्हणेल, शहर पाणी शुद्ध करू लागले की ते आपोआप आपल्याला मिळेल. मिळणार नाही. घाण होती तोवर तिला धनी नव्हता. शुद्ध झाली की तिला गिऱ्हाइके येतात. केंद्र सरकारच्या २०१६ च्या वीजदर धोरणात असे लिहिले आहे, की शुद्धीकरण केंद्रापासून पन्नास किलोमीटरच्या आत औष्णिक वीजकेंद्र असेल तर त्याने ते शुद्ध केलेले सांडपाणी वापरलेच पाहिजे. नागपुरात भांडेवाडीला शुद्ध केलेले पाणी कोराडीच्या वीजकेंद्राला जाते. अकोल्यापासून पन्नास किलोमीटरच्या आत पारस आहे.

आम्ही या धोरणाच्या विरोधात नाही. वीजकेंद्राने धरणाच्या गोड्या पाण्याऐवजी मोरीचे पाणी वापरावे हे चांगलेच आहे. आमचा प्रश्न पुढचा आहे. वीजकेंद्राने जेवढे गोडे पाणी सोडले, ते कोणाच्या नावावर चढले? ते सिंचनाच्या खात्यात लेखी चढले तर आपला फायदा. नुसते ‘वाचले’ असे म्हटले, तर ते पुढच्या एखाद्या कारखान्याच्या नळात जाईल. राज्याच्या २००३ च्या जलनीतीत पिण्यानंतर उद्योगाचा नंबर होता आणि मग शेतीचा. २०११ मध्ये सरकारने तो क्रम फिरवला, पिण्यानंतर शेती आणि मग उद्योग. क्रम कागदावर आपल्या बाजूचा आहे. पण खुर्चीवर कोणी बसलेले नसेल तर कागद वाचून कोण दाखवणार?

डेन्व्हरचे उदाहरण

शहर आणि खालचे शेतकरी एका नदीवर कसे नांदतात याचे एक उदाहरण अमेरिकेतले आहे. ते सांगण्याचे कारण असे, की तिथला मुलूखही कमी पावसाचा आहे आणि तिथेही शहराच्या खाली शेती आहे. कोलोराडो राज्यात साउथ प्लॅट नदीवर डेन्व्हर हे शहर आहे. शहराने नदीची कचराकुंडी केलेली होती. १६ जून १९६५ ला महापूर आला आणि सुमारे ५४ कोटी डॉलरचे नुकसान झाले. त्यानंतर तीन कामे झाली. १९६९ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने पुराच्या कामासाठी एक स्वतंत्र जिल्हा केला, ज्याच्या हद्दीत अनेक गावे आणि नगरपालिका आल्या. पाणी हद्द पाहत नाही, तर पुराचे खातेही हद्दीत अडकू नये, हा त्यातला विचार. १९७५ मध्ये वरच्या अंगाला चॅटफील्डचे धरण पुरे झाले. आणि १९७४ मध्ये महापौर मॅकनिकल्स यांनी नदीच्या सुधारणेसाठी समिती नेमली. महापौर डेमोक्रॅट, आणि समितीचा प्रमुख नेमला तो जो शूमेकर हा विरोधी रिपब्लिकन पक्षाचा. हाती दिले १९ लाख डॉलर. १९७५ मध्ये चेरी क्रीक आणि प्लॅटच्या संगमावर पहिली बाग उघडली आणि तिथून काठाकाठाने काम पुढे गेले. नदीच्या कामात पक्ष आडवा आणायचा नाही, हे त्यांना जमले.

आता शेतकऱ्यांचे काय झाले ते ऐका. डेन्व्हरच्या खाली मका, बीट आणि लसूणघास पिकवणारे शेतकरी आहेत. कोरड्या दिवसांत शुद्धीकरण केंद्राच्या खाली नदीत जे वाहते त्यातला मोठा भाग शहराचे शुद्ध केलेले सांडपाणीच असते, आणि त्यावर खालचे कालवे चालतात. तिथे कायदा असा, की ज्याने आधी पाणी वापरले त्याचा हक्क आधी. हा हक्क तारखेनिशी नोंदलेला असतो. तरीही साठीच्या दशकात नवे मोठे शुद्धीकरण केंद्र जुन्या जागेच्या खाली बांधले गेले, आणि एका कालव्याचे तोंड त्याच्या वर राहिले. शेतकरी कोर्टात गेले. १९७२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की शहराने सांडपाणी अमुकच जागी नदीत सोडावे असा खालच्या वापरदाराचा हक्क नाही. एवढा पक्का पाण्याचा कायदा असलेल्या मुलखात शेतकरी हरले, कारण केंद्राची जागा ठरली तेव्हा ती गोष्ट लिहून घेतलेली नव्हती.

त्याच नदीवरची पुढची गोष्ट वेगळी आहे. चॅटफील्डच्या धरणात पुरासाठी मोकळ्या ठेवलेल्या जागेपैकी २०,६०० एकर-फूट, म्हणजे सुमारे २५ दशलक्ष घनमीटर जागा साठ्यासाठी वापरू द्यावी अशी मागणी अनेकांनी मिळून केली. त्यात शहराभोवतालच्या नगरपालिका होत्या आणि खालच्या शेतकऱ्यांच्या विहिरींसाठी पाण्याची सोय करणारी सेंट्रल कोलोराडो ही जलसंस्थाही होती. पाणी चढल्याने बुडणारी झाडे आणि पाखरांच्या जागा यांची भरपाई ठरली, नदीसाठीही वाटा ठेवला, आणि ज्याला जेवढी जागा त्याने तेवढा खर्च द्यायचा ठरला. २०१४ मध्ये मंजुरी मिळाली, २०२० पासून साठा सुरू झाला. वर्षानुवर्षे लागली. पण शेतकऱ्याचा वाटा त्यात लेखी आहे. या दोन गोष्टींतला फरक लक्षात ठेवा. १९७२ मध्ये शेतकरी निर्णय झाल्यावर कोर्टात गेला. चॅटफील्डला तो निर्णयाच्या आधी बैठकीत बसला.

आपली खुर्ची कुठे आहे?

आपल्याकडे अशी बैठक नाही असे समजू नका. घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने, जी १ जून १९९३ पासून लागू झाली, प्रत्येक जिल्ह्यात नियोजन समिती असावी असे ठरले. २४३ झेड-डी हे कलम सांगते, की या समितीने पंचायती आणि नगरपालिका यांच्या योजना एकत्र करून जिल्ह्याचा आराखडा करावा, आणि तो करताना दोघांच्या समाईक हिताच्या गोष्टी पाहाव्यात. त्या गोष्टींत पाण्याची आणि इतर नैसर्गिक साधनांची वाटणी हे शब्द स्पष्ट लिहिलेले आहेत. समितीचे चार-पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांमधून, ग्रामीण आणि शहरी लोकसंख्येच्या प्रमाणात यायचे असतात. महाराष्ट्राने त्यासाठी १९९८ मध्ये कायदाही केला. आपण मात्र या समितीकडे रस्ता आणि सभामंडपाचा निधी मागायला जातो. नदीची वाटणी मागायला आजवर कोण गेले?

मागताना आपणही रिकाम्या हाताने जायचे नाही. २००५ च्या कायद्याने पाणी वापर संस्था करता येतात. खालच्या गावांनी संस्था उभी करावी, पाणी मोजून घ्यावे, ठरलेली पट्टी भरावी, कच्च्या सांडपाण्यावर भाजी पिकवणार नाही असे लिहून द्यावे. वरच्या गावांनी उतारावर बांध घालावेत, म्हणजे गाळ नदीत येणार नाही, आणि फवारणीचे डबे नाल्यात धुऊ नयेत. शहराला नियम सांगणाऱ्याने आपला नियम आधी पाळावा.

म्हणून या मेळाव्यापुढे आम्ही पाच मागण्या ठरावासाठी ठेवतो.

एक. नदीचा आराखडा उगमापासून संगमापर्यंत एकच असावा, हद्दीपुरता नको.

दोन. तो करणाऱ्या बैठकीत महापालिका, जलसंपदा, भूजल, प्रदूषण मंडळ आणि कृषी विद्यापीठ यांच्याबरोबर खालच्या ग्रामपंचायती आणि काठावरचे रहिवासी पहिल्या दिवसापासून असावेत. नकाशा छापून झाल्यावर हरकती मागवणे म्हणजे वरातीमागून घोडे.

तीन. शुद्ध केलेल्या पाण्यातला शेतीचा वाटा, आणि ते वीजकेंद्राला दिल्यास त्याबदल्यात सुटलेल्या गोड्या पाण्याचा वाटा, लेखी करारात असावा.

चार. क्षार आणि सोडियमचा आकडा दर महिन्याला चावडीवर लागावा.

पाच. पूरभिंतीच्या कामाआधी खालच्या गावाचे नुकसान मोजावे आणि भरपाई त्याच अंदाजपत्रकात धरावी.

हे काही मोर्णेपुरतेच नाही. तुमच्या तालुक्याच्या गावाखाली जी नदी आहे, तिचे नाव या ठरावात घाला. मेळाव्याहून गेल्यावर पहिल्या ग्रामसभेत हा ठराव मांडा, सह्या घ्या, आणि त्याची एक प्रत जिल्हा नियोजन समितीकडे पोच घेऊन द्या. पोच जपून ठेवा. बैठकीचे बोलावणे आले नाही, तर पोच दाखवून आपण बैठकीला जाऊ.